रापणीचा वाटा : मालवणच्या किनाऱ्यावरील एका सामाईक जाळ्याचा इतिहास

१/
जमिनीला सातबारा असतो, समुद्राला नसतो. मग किनाऱ्याजवळ आलेला तारलीचा थवा कोणाचा? ज्याने तो प्रथम पाहिला त्याचा, ज्याचे जाळे मोठे त्याचा, की ज्या वाळूवर तो ओढला गेला त्या गावाचा? दक्षिण कोकणातील मालवण आणि त्याच्या आसपासच्या गावांनी या प्रश्नाचे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या एका जाळ्याच्या आधारे दिले. त्या जाळ्याचे नाव रापण. आजचा धागा या रापणीविषयी : ती कशी लागते, मासळीचे वाटे कसे पडतात, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा हिशेब का विस्कटला.

२/
मालवण म्हटले की इतिहासप्रेमींच्या डोळ्यांसमोर सिंधुदुर्ग उभा राहतो. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी ज्या ठिकाणी किल्ल्याच्या उभारणीचे पूजन केले, तो मोरयाचा धोंडा आजही किनाऱ्यावर दाखवला जातो. १७६५ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेऊन त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले, पुढे तो करवीरकरांना परत केला आणि १८१२ च्या तहाने मालवण कायमचे आपल्या ताब्यात घेतले. बहुतेक पुस्तकांत मालवणचा इतिहास इथे थांबतो. किल्ल्यावरचे निशाण बदलत असताना समोरच्या वाळूवर जे गाव रोज पहाटे कामाला लागत होते, त्याची नोंद मात्र फार थोड्यांनी घेतली.

३/
ज्यांनी घेतली त्यांत इंग्रज अधिकारी होते. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा रत्नागिरी आणि सावंतवाडी यांविषयीचा दहावा खंड १८८० मध्ये प्रसिद्ध झाला. किनाऱ्यावरचे गाबित, खारवी, भोई, दालदी हे समाज, त्यांच्या होड्या आणि त्यांची जाळी यांची माहिती त्या काळच्या प्रशासनाने अशा खंडांतून गोळा केली. गाबित समाजात मराठ्यांच्या आरमाराशी नाते सांगणारी परंपरा आहे. परंतु गॅझेटिअरची नजर महसुलाची होती. होडी मोजता येते, जाळे मोजता येते. जाळ्यात सापडलेली मासळी कोणत्या न्यायाने वाटली जाते हे मोजपट्टीवर सापडत नाही. रापणीचा खरा इतिहास त्या वाटपात आहे.

४/
प्रथम जाळे समजून घेऊ. रापण हे किनाऱ्यावरून ओढायचे जाळे आहे. त्याची लांबी काहीशे मीटर असते. वरच्या दोरीला तरंगणारे तुकडे, खालच्या दोरीला वजने आणि मधोमध मासळी अडकून राहील असा पिशवीसारखा भाग असतो. जाळ्याच्या एका टोकाची दोरी किनाऱ्यावरच्या माणसांच्या हाती देऊन होडी समुद्रात शिरते. वल्हेकरी वल्ही मारतात, मागे बसलेले जाळे सोडत जातात आणि होडी अर्धवर्तुळ काढून दूरवर पुन्हा वाळूला लागते. आता दोन्ही टोके किनाऱ्यावर आणि मध्ये समुद्राचा एक तुकडा बंदिस्त, अशी स्थिती होते. हे काम कोठेही करता येत नाही. तळ वाळूचा, उतार सौम्य आणि वाटेत खडक नसलेला किनारा हवा.

५/
मग ओढ सुरू होते. दोन रांगा दोन टोकांना, प्रत्येक रांगेत वीसपंचवीस माणसे. पाय वाळूत रुतवून, एका तालात मागे सरकत, दोरी हातोहात मागे द्यायची. जसजसे जाळे जवळ येते तसतशा दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकतात आणि अर्धवर्तुळ आवळत जाते. एक फेरी पुरी व्हायला काही तास लागतात. या सर्वांआधी एक काम झालेले असते, आणि ते सर्वांत अनुभवी माणसाचे असते : पाण्यावरची गडद छटा, पृष्ठभागावरची खळबळ, वर घिरट्या घालणारे पक्षी यांवरून थवा ओळखणे. त्याचा अंदाज चुकला तर पन्नास माणसांचे श्रम रिकाम्या जाळ्यानिशी वाळूवर येतात.

६/
पन्नास माणसे एका घरात नसतात. रापण एका कुटुंबाला झेपत नाही, ही गोष्ट या इतिहासाचा पाया आहे. म्हणून रापणीभोवती संघ तयार झाले. काही ठिकाणी जाळे व होडी एका मालकाची असे आणि बाकीचे मजुरीच्या वाट्यावर काम करत. परंतु मालवण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर दुसरी पद्धतही रुजली. तीत सभासद कुटुंबे जाळ्याचा आपापला तुकडा आणतात आणि ते तुकडे जोडून एक रापण तयार होते. तुकडा फाटला तर दुरुस्ती त्या कुटुंबाची. मासळी मात्र अवघ्या जाळ्याची. कोणाच्या तुकड्यात किती मासे आले हे कोणी विचारत नाही, कारण एक तुकडा सुटला तर सगळा थवा निसटतो, हे सर्वांना माहीत असते.

७/
वाटप असे चाले. विक्रीतून आलेल्या रकमेतून आधी खर्च वजा होई. मग होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, आणि उरलेल्याचे हात लावणाऱ्यांत वाटे. अनेक संघांत म्हाताऱ्या झालेल्या सभासदाला किंवा सभासदाच्या विधवेलाही काही हिस्सा मिळे. आणखी एक रीत होती, जिचा उल्लेख कोणत्याही नियमावलीत नसेल. जाळे ओढताना जो दोरीला हात लावील तो रिकाम्या हाताने परतत नसे. शाळेत जाणारे पोर असो, वाटसरू असो, त्याच्या ओंजळीत कालवणापुरती मासळी पडे. ज्या दिवशी घरात काही नसे त्या दिवशी किनाऱ्यावर जाऊन दोरी धरणे, हा मागण्यापेक्षा वेगळा आणि मानाचा मार्ग होता.

८/
आता हक्काचा प्रश्न. एका किनाऱ्यावर दोनतीन संघ असतील तर आज जाळे कोणी टाकायचे? उत्तर : पाळीने. कोणत्या संघाची हद्द कोठून कोठपर्यंत, कोणाची पाळी कधी, एकाने जाळे टाकल्यावर दुसऱ्याने किती अंतर सोडायचे, हे सारे रूढीने ठरलेले असे आणि वाद झाला तर गावातले जाणते निवाडा करत. म्हणजे समुद्राला सातबारा नव्हता, तरी हद्द होती, वहिवाट होती आणि भांडण मिटवण्याची जागाही होती. सरकारी दफ्तराच्या दृष्टीने हा समुद्र मोकळा, कोणाचाच नसलेला. किनाऱ्यावरच्या माणसाच्या दृष्टीने त्यातला प्रत्येक वाव हिशेबात धरलेला. पुढचा सगळा संघर्ष या दोन दृष्टींमधला आहे.

९/
या गावाचे वर्ष पावसाने कापलेले असते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या दिवसांत होड्या वर ओढून माडाच्या झावळ्यांखाली झाकायच्या, जाळी विणायची, फाटकी जाळी तुणायची. श्रावणातील नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून नवा हंगाम सुरू करायचा. मालवणात या दिवशी किल्ल्यातील आणि बंदरावरील मंडळी वाजतगाजत किनाऱ्यावर येतात. सोन्याचा मुलामा दिलेला नारळ अर्पण करण्याची प्रथा शिवकाळापासून चालत आल्याचे परंपरा सांगते. नारळ लढवण्याचा खेळही रंगतो. पाऊस ओसरू लागला की तारली, बांगडा, पेडवे यांचे थवे किनाऱ्याकडे सरकतात. रापणीचा उत्तम काळ तोच.

१०/
जाळे पुरुषांनी ओढले तरी पैसा बायकांच्या हातून होई. वाळूवर मासळी पडताच लिलाव सुरू होतो. विक्रेत्या बोली लावतात, पाट्या भरतात आणि बाजार गाठतात. पूर्वी डोक्यावर पाटी घेऊन त्या आतल्या गावांतून फिरत. रोख पैसा दुर्मीळ असलेल्या काळात मासळीच्या बदल्यात भात घेतला जाई. विकून उरलेली मासळी सुकवायची किंवा खारवायची, हेही काम बायकांचेच. आगोटीची बेगमी म्हणून घाटमाथ्यापर्यंत जाणारा खारा बांगडा या हातांतून जाई. रापणीचे अर्थकारण समजून घ्यायचे तर दोरीइतकेच या पाटीकडेही पाहावे लागते.

११/
खारवायला मीठ लागते, आणि इंग्रजी अमलात मिठावर कर होता. दक्षिण कोकणाला शेजारच्या गोव्याचे स्वस्त मीठ जवळचे. १८७८ च्या इंग्रज–पोर्तुगीज कराराने गोव्यातील मीठ उत्पादनावरही इंग्रजांचे नियंत्रण आले. तो करार १८९२ मध्ये संपला. मच्छीमारांना कराविना किंवा कमी दरात मीठ मिळावे म्हणून सरकारने किनाऱ्यावर मासे खारवण्याची आवारे उघडली. मासळी तिथेच न्यायची, मीठ तिथेच वापरायचे, आणि दारावर शिपाई उभा. बांगडा घरामागच्या अंगणात खारवावा की सरकारी आवारात, हा स्वयंपाकघरातला निर्णय असा साम्राज्याच्या महसुलाशी जोडला गेला. मे १९३० मध्ये मालवणच्या दक्षिणेला शिरोडे येथे मिठाचा सत्याग्रह झाला. त्यामागच्या मिठाच्या प्रश्नाची झळ या किनाऱ्याने खारवणाच्या भांड्यातच अनुभवलेली होती.

१२/
इथे एक सावधगिरी हवी. जुन्या व्यवस्थेचे चित्र सोनेरी रंगात रंगवण्याचा मोह होतो. रापणसंघांत जाळ्याचे तुकडे समान असले तरी माणसे समान नव्हती. हंगामापूर्वी व्यापाऱ्याकडून उचल घ्यायची आणि मग मासळी त्यालाच, त्याच्या भावाने द्यायची, ही साखळी अनेकांच्या गळ्यात होती. संघाच्या बैठकीत बायकांना स्थान नव्हते. बारीक आसाच्या जाळ्यात लहान मासळीही येई. रापण न्याय्य होती असे सरसकट म्हणता येत नाही. एवढे मात्र निश्चित की मासळी सर्वांदेखत, एका ठिकाणी, वाळूवर येई. किती आली आणि कोणाला किती गेली हे अख्खे गाव पाही. हिशेब उघड्यावर होता, म्हणून त्यावर भांडताही येई.

१३/
यंत्राचे स्वप्न मात्र जुने आहे. १९२१–२२ मध्ये मुंबई सरकारने ‘विल्यम कॅरिक’ नावाच्या वाफेवर चालणाऱ्या ट्रॉलरने मुंबईच्या समुद्रात तळ खरवडून मासेमारीचा प्रयोग केला. व्यापारी दृष्ट्या तो यशस्वी झाला नाही. पुढे १९३० च्या दशकाच्या आरंभी एच. टी. सॉर्ली या अधिकाऱ्याने मुंबई इलाख्याच्या सागरी मासेमारीवर सविस्तर अहवाल लिहिला. सरकारी विचारांत एक सूत्र पक्के होत गेले : देशी मच्छीमार जुनाट साधनांनी किनाऱ्याशी चिकटून आहे, त्याला यंत्र देऊन खोल समुद्रात पाठवले पाहिजे. सूत्र ऐकायला ठीक होते. यंत्र मिळाल्यावर होडी खरोखर खोल समुद्रातच जाईल, हे त्यात गृहीत धरले होते.

१४/
स्वातंत्र्यानंतर हे सूत्र धोरण झाले. १९५२ मध्ये भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यात करार होऊन केरळात कोल्लमजवळील नीण्डकरा येथे मासेमारी विकासाचा प्रकल्प सुरू झाला. उद्देश गावाच्या आहाराचा आणि उत्पन्नाचा होता. पण त्याच सुमारास कोचीनहून गोठवलेल्या कोळंबीची अमेरिकेला निर्यात सुरू झाली आणि पारडे फिरले. मालवणीत जिला सुंगटे म्हणतात ती कोळंबी आता डॉलर देणारी वस्तू झाली. १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाल्यावर निर्यातदाराच्या हाती प्रत्येक डॉलरमागे अधिक रुपये पडू लागले. साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर कर्ज, अनुदान आणि यांत्रिक नौका यांचे पर्व सुरू झाले.

१५/
कोकणातही यांत्रिक नौका आल्या. सुती आणि तागाच्या जाळ्यांची जागा नायलॉनने घेतली. झाडांच्या सालीच्या काढ्यात जाळी बुडवून टिकवण्याचे कौशल्य निरुपयोगी ठरले. ट्रॉलर घेणारे सगळेच परके नव्हते, हे विसरता कामा नये. काही नौका मच्छीमार समाजातल्याच कुटुंबांनी कर्ज काढून घेतल्या, आणि पुढचा कलह म्हणूनच भावकीतल्या भांडणासारखा कडवट झाला. बदलाचे मर्म साधे आहे. ट्रॉलरला वाळू लागत नाही. जेटी, डिझेल आणि बर्फ लागतो. मासळी गावासमोर वाळूवर न येता बंदरातून थेट ट्रकमध्ये जाऊ लागली. दोरीच नाही, तर दोरीला हात लावणाऱ्याचा वाटा कोठून येणार?

१६/
संघर्षाचे कारण भूगोलात आहे. कोळंबी उथळ, गाळाच्या तळावर सापडते. म्हणून खोल समुद्रासाठी आणलेली नौका किनाऱ्याजवळच घुटमळू लागली. तिचे जाळे तळ खरवडत जाते आणि त्यात अंडी धरलेली व वाढत्या वयाची मासळीही येते. त्याच पट्ट्यात रापण, त्याच पट्ट्यात लहान होड्यांची जाळी. रात्रीच्या अंधारात एखादा ट्रॉलर लावलेल्या जाळ्यांवरून गेला की गरीब मच्छीमाराचे वर्षाचे भांडवल फाटून जाई. आणि जे थवे पावसानंतर वाळूजवळ यायचे ते वाटेतच उचलले गेले, तर किनाऱ्यावरचा जाणता कितीही तीक्ष्ण नजरेचा असला तरी त्याला दिसणार काय?

१७/
याचा पहिला मोठा स्फोट शेजारच्या गोव्यात झाला. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर तेथेही यांत्रिकीकरणाला सरकारी प्रोत्साहन मिळाले. १९७० च्या दशकात तेथील रापणकार संघटित झाले आणि ‘गोंयच्या रापणकारांचो एकवट’ उभा राहिला. त्यातूनच माथानी साल्ढाणा यांचे नेतृत्व पुढे आले. समुद्रात झटापटी झाल्या, ट्रॉलर जाळले गेले, मोर्चे निघाले. मागणी एका ओळीची होती : किनाऱ्यालगतचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठी राखून ठेवा. १९७८ मध्ये निरनिराळ्या राज्यांतील अशा संघटनांचा राष्ट्रीय मंच स्थापन झाला. पुढे तो राष्ट्रीय मच्छीमार मंच म्हणून ओळखला गेला. एका जाळ्याभोवतीचे भांडण देशाच्या राजकारणात पोहोचले.

१८/
कायद्याची गुंतागुंत अशी होती. राज्यघटनेनुसार मासेमारी हा राज्यांचा विषय. प्रादेशिक सागरापलीकडची मासेमारी केंद्राची. १९७६ च्या कायद्याने प्रादेशिक सागराची हद्द १२ सागरी मैल ठरली. म्हणजे वादाचा पट्टा राज्यांच्या अखत्यारीत आला. त्याच वर्षी केंद्राने मजुमदार समिती नेमली. त्यानंतर राज्यांसाठी कायद्याचा नमुना तयार झाला. गोवा आणि केरळ यांनी १९८० मध्ये, तर महाराष्ट्राने १९८१ मध्ये सागरी मासेमारी नियमन कायदा केला. त्याच वर्षी १ मे रोजी रत्नागिरीचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. नव्या जिल्ह्याचा समुद्र जन्मापासूनच या वादाच्या छायेत होता.

१९/
या नियमांची भाषा पाहण्यासारखी आहे. महाराष्ट्रात ट्रॉलरला मज्जाव असलेला पट्टा किनाऱ्यापासूनच्या अंतराऐवजी पाण्याच्या खोलीवर, म्हणजे वावांत, ठरवण्यात आला. वाव म्हणजे सहा फूट. दोन्ही हात पसरले असता होणारे माप. होडीतून दोर सोडून खोली पाहणाऱ्याचे हे जुने परिमाण होते. पावसाळी बंदीतही असेच घडले. राज्यात दीर्घकाळ १० जूनपासून १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असे. चंद्राच्या तिथीने ठरणारा सण सरकारी आदेशात शिरला. अलीकडे मात्र बंदीचा काळ १ जून ते ३१ जुलै असा तारखांनी बांधलेला आहे.

२०/
नियम झाले, पण पाण्यावर रेघ दिसत नाही. ती पाळली जाते की नाही हे पाहायला गस्तीनौका, इंधन, माणसे आणि इच्छा लागते. दरम्यान दुसरे यंत्र आले : थव्याला चहूबाजूंनी वेढून तळाकडून बटव्यासारखे आवळले जाणारे पर्ससीन जाळे. त्याचे परिणाम आधी कर्नाटकात दिसले. तेथील रांपणी, म्हणजे रापणीचीच थोरली बहीण, शंभरेक माणसांनी ओढावी लागे. १९७० च्या दशकाच्या मध्यास तेथे पर्ससीन आले आणि दशकभरात रांपणी जवळपास दिसेनाशी झाली. मालवणच्या मच्छीमारांसाठी हा शेजाऱ्याच्या घरातला इशारा होता. तारली आणि बांगडा हे दोन्ही जाळ्यांचे लक्ष्य एकच असल्यामुळे इथे तडजोडीला जागा फार थोडी.

२१/
महाराष्ट्रात हा प्रश्न अभ्यासण्यासाठी नेमलेल्या सोमवंशी समितीने २०१२ मध्ये अहवाल दिला. ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्याने पर्ससीनवर कडक निर्बंध घातले. मासेमारी फक्त सप्टेंबर ते डिसेंबर या महिन्यांत, आणि परवान्यांची संख्या टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत खाली आणायची, असे ठरले. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने प्रखर एलईडी दिव्यांनी मासळी आकर्षित करण्यावर बंदी घातली. पारंपरिक मासेमारीला संरक्षण देण्याचा विचार त्याआधीच न्यायालयात मान्य झाला होता. केरळने पर्ससीनवर घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने जोसेफ अँटनी खटल्यात उचलून धरली, आणि उपजीविकेचा प्रश्न हे त्यामागचे एक प्रमुख कारण होते.

२२/
याच काळात मालवणच्या पाण्यावर आणखी एक रेघ ओढली गेली. १९८७ मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा सुमारे २९ चौरस किलोमीटरचा परिसर सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. प्रवाळ आणि सागरी जीव वाचावेत हा हेतू होता. पण स्थानिक मच्छीमारांनी विरोध केला, कारण निर्णय त्यांना न विचारता झाला अशी त्यांची भावना होती. वरवर यात विसंगती दिसते : ट्रॉलरविरुद्ध समुद्र वाचवा म्हणणारे लोक अभयारण्याला नाही का म्हणतात? रापणीचा इतिहास ठाऊक असेल तर ही विसंगती उरत नाही. दोन्ही वेळा त्यांचा प्रश्न एकच होता : या पाण्याचे नियम कोण ठरवणार, आणि ते ठरवताना किनाऱ्यावरच्या माणसाला बैठकीत जागा असणार का?

२३/
रापण आजही लागते. तारकर्ली–देवबागच्या बाजूला पहाटे गेलेल्या पर्यटकाला ती पाहता येते आणि हौसेने दोरी ओढताही येते. पण वाळूची किंमत बदलली आहे. ज्या पट्ट्यावर जाळी सुकत तिथे आता राहण्याच्या खोल्या, खाद्यगृहे आणि जलक्रीडांच्या नौका आहेत. अनेक मच्छीमार घरांनी पर्यटनातून उत्पन्न उभे केले, तो त्यांचा हक्कच आहे. मात्र रापणीला चाळीसपन्नास जण एकाच वेळी मोकळे लागतात, आणि मुंबई, गोवा किंवा घरचाच व्यवसाय यांत विखुरलेले तरुण एका हाकेला जमणे कठीण झाले आहे. थवा कमी झाला हे खरे. हात कमी झाले हेही तितकेच खरे.

२४/
यातून इतिहासाच्या अभ्यासकाला काय मिळते? एक, ‘मोकळा समुद्र’ ही कल्पना दफ्तरातून आलेली आहे. किनाऱ्यावर पाळी, हद्द आणि वाटा यांचे नियम आधीपासून होते. दोन, तंत्र बदलले की फक्त उत्पादन बदलत नाही. उत्पादन कोणासमोर मोजले जाते तेही बदलते. वाळूवरच्या लिलावात म्हातारी विधवा आपला हिस्सा मागू शके. बंद पेट्यांतून ट्रकमध्ये चढणाऱ्या मासळीसमोर ती कोणाकडे मागणार? तीन, १९८० आणि १९८१ चे कायदे सरकारच्या दूरदृष्टीतून अलगद उतरले नाहीत. त्यांच्यामागे मोर्चे, जळालेल्या नौका आणि फाटलेली जाळी आहेत.

२५/
या इतिहासाची साधने अभिलेखागारात कमी आणि घरांत जास्त आहेत. रापणसंघांच्या हिशेबवह्या, वाट्यांच्या याद्या, पाळीवरून झालेल्या निवाड्यांचे कागद, जुन्या होड्यांची छायाचित्रे आणि थवा ओळखणाऱ्या वृद्धांची स्मरणे हीच ती साधने. कोकणातल्या दमट हवेत कागद फार वर्षे टिकत नाही. मालवण, आचरा, देवगड, वेंगुर्ले या बाजूला ज्यांचे आजोळ आहे त्यांनी येत्या सुट्टीत माळ्यावरच्या पेटीत अशी वही आहे का, एवढे पाहावे. असेल तर तिच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे, आणि त्यात ज्यांची नावे आहेत त्यांतले कोणी हयात असतील तर त्यांच्याशेजारी बसून ती वही वाचावी. कोणाचा वाटा किती आणि तो तेवढाच का, हे आज तेच सांगू शकतात.